राखून ठेवलेली नस

मूत्रपिंडाच्या विकाराचें नांव ठाणें, कल्याण, डोंबिवली या शहरांतील घरांतून आतां नवें राहिलेलें नाहीं. मधुमेह व रक्तदाब हीं त्याचीं दोन मुख्य कारणें होत. मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे रक्त यंत्रांतून शुद्ध करून शरीरांत परत सोडावें लागतें. यासच डायलिसिस म्हणतात. बहुधा आठवड्यांतून तीन खेपा, व दर खेपेस सुमारें चार तास.

हें यंत्र हॉलंडांत डॉ. कोल्फ यांनीं १९४३ सालीं रोग्यावर प्रथम चालविलें. परंतु दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि थोड्याच दिवसांत जागा संपे. यंत्र होतें, त्याकडे जाणारी वाट नव्हती. १९६० सालीं अमेरिकेंत डॉ. स्क्रिब्नर यांनीं हातांत कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली. पुढें १९६६ सालीं डॉ. ब्रेशिया, डॉ. सिमिनो व त्यांचे सहकारी यांनीं मनगटाजवळची रोहिणी शेजारच्या नीलेस जोडण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

या जोडास फिस्तुला म्हणतात. रोहिणींतील वेगवान रक्त नीलेंत शिरतें. नीला फुगते, जाड होते, व वारंवार सुया सोसण्याजोगी बनते. मात्र तिला तयार होण्यास सहा आठवडे ते तीन महिने लागतात. ज्यांच्या नसा बारीक, त्यांच्या त्वचेखालीं कृत्रिम नळी घालतात. तिसरा उपाय मानेच्या नीलेंतील कॅथेटर. तें त्याच दिवशीं उपयोगीं पडतें. पण त्यावाटे रक्तांत जंतु शिरण्याचें भय फार.

घरांत चूक होते ती येथेंच. वैद्य सांगतात, विकार वाढत आहे, हाताची शस्त्रक्रिया करून घ्या. घरचीं माणसें म्हणतात, अजून तर सर्व ठीक चाललें आहे. मग एके रात्रीं दम लागतो, आणि कॅथेटरवांचून गत्यंतर उरत नाहीं.

म्हणून विकाराचें निदान होतांच एक हात, बहुधा डावा, राखून ठेवावा. त्या हातांतून रक्त काढूं देऊं नये, सलाईन लावूं देऊं नये. फिस्तुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजूं नये, आणि लोकलच्या गर्दींत पिशवीचा भारही घेऊं नये. रोज सकाळीं बोटें ठेवून तेथील थरथर पाहावी. ती थांबली तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

२०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम गरीब कुटुंबांसाठीं सुरू आहे. महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतही डायलिसिसचा समावेश आहे. खर्चाची सोय अशी कांहीं अंशीं होऊं शकते. दवडलेले तीन महिने मात्र कोणतीही योजना परत देऊं शकत नाहीं.