परक्याची ढाल

(अंबरनाथ येथील आनंदनगरात झालेल्या व्याख्यानाचा सारांश)

अमेरिका आणि युरोप यांच्या लष्करी मैत्रीचे पुढे काय होणार, हा प्रश्न अंबरनाथकरांना दूरचा वाटेल. परंतु त्या मैत्रीची मर्यादा महाराष्ट्राच्या शेजारी, गोमंतकात, एकदा स्पष्ट दिसली आहे.

४ एप्रिल १९४९ रोजी बारा राष्ट्रांनी उत्तर अटलांटिक करार केला. पोर्तुगाल त्यांपैकी एक. एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला, हे त्याचे पाचवे कलम. सालाझारच्या राजवटीला या मैत्रीचा मोठा आधार वाटे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या; वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. चार महिनेही उलटले नाहीत तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या निवेदनात पोर्तुगालच्या आशियातील वसाहतींना ‘प्रांत’ म्हटले. अमेरिकेला अझोर बेटांवरील तळ हवा होता. त्या तळापुढे सत्याग्रहींचे रक्त हलके ठरले.

डिसेंबर १९६१ मध्ये मात्र भारतीय सेना गोव्यात शिरली, तेव्हा ही ढाल पुढे आली नाही. कराराच्या सहाव्या कलमाने संरक्षणाचे क्षेत्र आखून दिले होते. गोवा त्याबाहेर होता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव मांडला. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून तो रोखला. सैनिक मात्र कोणीही पाठविला नाही. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला.

आज तोच अनुभव युरोपच्या दारी आला आहे. पाचवे कलम आजवर एकदाच, २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यानंतर, लागू झाले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र डोनाल्ड ट्रम्प यांनी, मित्रराष्ट्र डेन्मार्कच्या आधिपत्याखालील ग्रीनलंडसाठी बळाचा वापर करणार नाही, असे आश्वासन देण्याचे नाकारले. जून २०२५ मध्ये हेग येथे सदस्य राष्ट्रांनी २०३५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के रक्कम संरक्षण व संबंधित कामांवर खर्च करण्याचे ठरविले. पाऊण शतक परक्याच्या छत्राखाली राहिलेल्यांना स्वतःचे छत्र उभारण्याची घाई झाली आहे.

याचा अर्थ मैत्री निरर्थक असते, असा नव्हे. १९६१ मध्ये रशियाची मैत्री भारताच्या कामी आलीच. पण तिने केवळ परिषदेतला ठराव अडविला. गोव्याच्या भूमीवर पाऊल भारतीय जवानालाच टाकावे लागले. मित्र स्वहिताच्या मर्यादेपर्यंतच साथ देतो. त्यापुढची वाट स्वबळाची असते.

त्या स्वबळाचा एक धागा याच गावात आहे. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत घाम गाळणारा कामगार आणि आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत अचूक सुटा भाग घडविणारा कारागीर ज्या दर्जाचे काम करतील, त्या दर्जाची ढाल राष्ट्राच्या हाती येईल. ती मात्र कोणा परक्याला काढून घेता येणार नाही.