वाणीचा अभ्यासक्रम



आज दुपारी आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा मंडळाच्या एका सभासदांनी मोठ्या अगत्याने विचारले, "आपण वक्तृत्व शिकविता ना?" त्यांचा काही दोष नाही. आमच्या विषयाचे नाव ऐकून कोणाचाही तसाच समज व्हावा. आमच्या मातोश्रींनी तर आम्ही चार वर्षे नक्की काय शिकलो हे शेजारणींना सांगण्याचा नाद शेवटी सोडून दिला आणि "कानाची डॉक्टर" एवढ्यावर भागविले. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि आमचे निम्मे काम कानाचेही नव्हे. ज्यांची वाणी आलीच नाही, अडखळली किंवा येऊन गेली, त्यांच्याजवळ बसण्याचे हे शिक्षण आहे.

बारावी शास्त्र शाखेनंतरचा हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. शेवटचे वर्ष सारे रुग्णांतच जाते. पुढे १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. आपल्या देशात या विद्येचा पाया १९६०-७० च्या दशकात घातला गेला. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईच्या नायर रुग्णालयातील शाळाही त्याच सुमाराची, आणि वांद्र्याची राष्ट्रीय संस्था १९८३ ची. इतिहास एवढा पुरे.

पहिल्या वर्षी मेंदू, कान आणि कंठ यांची रचना शिकवितात, ध्वनीचे पदार्थविज्ञान शिकवितात आणि भाषाशास्त्रही शिकवितात. तेथे आमची मोठी गंमत झाली. लहानपणी 'क ख ग घ ङ' आम्ही डोलत डोलत पाठ केले होते. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे मुखातील एकेक स्थान आहे, कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने बाहेर येत जाणारी, हे आम्हांस वयाच्या अठराव्या वर्षी कळले! एखादे मूल 'काकू'ला 'तातू' म्हणते, तेव्हा घरचे लोक कौतुकाने हसतात. आम्ही पाहतो ते असे, की जिभेचा मागचा भाग उचलला जात नाही आणि टोकच दातांशी लागते. तीन वर्षांच्या मुलाचे हे बोल गोड आहेत, सहा वर्षांच्या मुलाचे तपासावयास हवेत.

मात्र येथे एक गाऱ्हाणे सांगतो. आमची पाठ्यपुस्तके बहुतेक इंग्रजी. त्या भाषेत ना आपला 'ण', ना 'ळ'. 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' हे दोन निराळे उच्चार आहेत, हे त्या पुस्तकांस ठाऊक असण्याचे कारण नाही. परीक्षेत इंग्रजी तक्ते लिहावयाचे आणि दुपारी समोर येणार मराठवाड्यातील शेतकऱ्याचे मूल. मराठी चित्रे, मराठी शब्द, मराठी वाक्ये आम्ही विद्यार्थ्यांनी रात्री बसून वहीत चिकटविली, आणि त्या वहीनेच पुस्तकांहून अधिक शिकविले.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. तो मनुष्य कित्येक वर्षे 'टॅन' एवढेच बोलू शके, परंतु लोकांचे बोलणे त्यास पुष्कळसे कळे. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागास इजा आढळली. पुढे १८७४ साली वेर्निके याने याच्या उलट प्रकार वर्णिला. त्या रुग्णांचे बोलणे वाहते असते, पण त्यातला अर्थ हरवलेला असतो आणि दुसऱ्याचे बोलणेही उमगत नाही. ही दोन नावे आम्ही झोपेतही सांगितली असती. परंतु पाठ होणे आणि कळणे यांत किती अंतर आहे, ते तिसऱ्या वर्षी कळले.

एक निवृत्त गणित-शिक्षक आमच्याकडे आले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली आणि वाचा बंद. पत्नी शेजारी. आम्ही "एक, दोन" म्हणून आरंभ करून दिला, आणि गुरुजी वीसपर्यंत मोजून गेले! आमचा उत्साह वाढला. आम्ही निमकीची सुरुवात केली, तर त्यांनी ती घडाघडा म्हटली. बाईंच्या डोळ्यांना पाणी आले. आम्ही त्यांना म्हणालो, "काकू, पंधरा दिवसांत बोलू लागतील हो."

आमच्या अध्यापिका मागे उभ्या होत्या. त्यांनी टेबलावरचा कप उचलून विचारले, "गुरुजी, हे काय?" गुरुजी कपाकडे पाहत राहिले. "हे... हे..." आणि डाव्या हाताने टेबलावर एक चापट मारून त्यांनी तोंड फिरविले.

बाहेर व्हरांड्यात बाई आम्हांस एवढेच म्हणाल्या, की घोकलेले सवयीने येते, शब्द शोधून काढावा लागतो. आणि वचन तू दिलेस, तेव्हा ते परतही तूच घे. आम्ही आत जाऊन काकूंना खरे सांगितले. चार वर्षांतल्या कोणत्याही परीक्षेत आमचे हात तसे कापले नाहीत.

पुढे पाच महिने गुरुजी आठवड्यातून दोनदा येत. 'चहा' आला, 'दे' आला, आणि एके दिवशी पत्नीचे नाव आले. अधिक शिकावे लागले ते काकूंना. गुरुजींनी तोंड उघडले की त्या वाक्य पुरे करीत. प्रेमानेच, पण त्यामुळे त्यांना शब्दापर्यंत पोहोचण्यास उसंतच मिळेना. मनात दहापर्यंत मोजा आणि मग बोला, असे आम्ही त्यांना सांगितले. त्या मोजीत, आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळीत. गुरुजी पूर्वीसारखे बोलू लागले नाहीत. आपल्या घरी काय हवे, काय नको, हे मात्र ते स्वतः सांगू लागले.

आपल्यापैकी काही पालकांनी मुलीला या मार्गाला लावावे का, असे विचारले आहे. पैसा बेताचा आहे, काम इस्पितळांतून आणि शाळांतून मिळते, तालुक्याच्या गावी मात्र आमच्या विद्येचा मनुष्य क्वचितच सापडतो. कंटाळा लवकर येणाऱ्या मुलीने येऊ नये. एकाच 'क'साठी तीन महिने बसावे लागते.

आणखी एक चिठ्ठी आली आहे. नातू साडेतीन वर्षांचा आहे, दोन-तीनच शब्द बोलतो, परंतु त्याचे वडीलही उशिरा बोलले होते, तर वाट पाहावी काय? पाहू नये. ताटली वाजविल्यावर तो वळून पाहतो, यावरून कान चांगले आहेत असे ठरत नाही. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक ध्वनी निसटू शकतात. प्रथम कान रीतसर तपासून घ्यावेत, आणि ते याच आठवड्यात. चिठ्ठीवर नाव नाही, म्हणून येथूनच सांगतो : सभा आटोपल्यावर आम्ही व्यासपीठाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या माठापाशी बसून आहोत. आजोबांनी अवश्य यावे.