मुलीलाही दुसरी संधी द्या

पालकहो! नीटला वयाची कमाल अट नाही, कितीदा बसायचं यालाही मर्यादा नाही. मर्यादा आपण घालतो. नगरमध्ये मी बघतो, मुलगा ‘रिपीट’ म्हणाला की घर क्लासची फी जमवतं. मुलीनं मात्र बारावीच्याच वर्षात जमवायचं. २०२५ मध्ये फेब्रुवारी-मार्चला बोर्ड, मार्चभर रोजे आणि ४ मे रोजी नीट, १८० मिनिटांत १८० प्रश्न. त्यात इफ्तारचा स्वयंपाकही तिच्याच वाट्याला! नीटचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. म्हणून पुन्हा बसायचं तर तिला अख्खं वर्ष द्यावं लागतं, स्वयंपाकघरातून सुटी देऊन. स्थळं वर्षभर थांबतील. यंदा निकाल लागला की आधी तिलाच विचारा, पुन्हा बसतेस का?