नोकरी सांभाळून लेखन



‘नोकरीमुळे सवड मिळत नाही, निवृत्तीनंतर लिहू,’ असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. परंतु नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले. तरी १९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला. रेल्वेत नोकरी करणाऱ्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले.

बँकेत ज्या त्या दिवसाची रोकड त्याच दिवशी जुळवावी लागते. लेखनाचेही तसेच आहे. रोज अर्धा तास, एक पान. आई-वडिलांनी जे सोसले ते त्यांच्या तोंडून ऐकून आजच लिहून ठेवा. आपल्या निवृत्तीपर्यंत सांगणारे असतीलच असे नाही.