कांद्याची हिशोबपट्टी आणि टक्केवारी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



रब्बी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो. लगेच विकावा की चाळीत भरावा, हा प्रश्न दरवर्षी पडतो. 'पुढे भाव चढेल' एवढ्यावर निर्णय घेऊ नका. आपल्या हिशोबपट्ट्या काढा आणि आलेख कागदावर वजनाचा व दराचा असे दोन स्तंभालेख मांडा. स्तंभ शून्यापासूनच सुरू करा. ९०० पासून सुरू केलात, तर १,४०० चा स्तंभ १,००० च्या पाचपट उंच दिसेल आणि फसगत होईल.

समजा, मे महिन्यात ६० क्विंटल कांदा चाळीत भरला. तेव्हा दर क्विंटलला १,००० रुपये होता. सप्टेंबरमध्ये वजन भरले ४५ क्विंटल, दर मिळाला १,४०० रुपये. वजनाचे गुणोत्तर ६०:४५, म्हणजे ४:३. चार भागांतला एक भाग गेला. घट २५ टक्के. दराचे गुणोत्तर ५:७. वाढ ४० टक्के.

येथे बरेच जण ४० मधून २५ वजा करून १५ टक्के फायदा धरतात. हे चूक आहे. एक टक्केवारी वजनाची, दुसरी दराची; त्यांची वजाबाकी होत नाही. मे महिन्यात ६०,००० रुपये आले असते, सप्टेंबरमध्ये ६३,००० आले. वाढ फक्त ५ टक्के! त्यातूनच चाळीचा खर्च, निवडणीची मजुरी आणि अडकलेल्या पैशाचे व्याज भागवायचे आहे.

लक्षात ठेवा, वजन ४ चे ३ झाले, तर दर ३ चा ४ व्हायला हवा. म्हणजे १,००० चे सुमारे १,३३३ झाले, तरी ती नुसती बरोबरीच.

आता घट १५ टक्क्यांवर आणली असे धरा. ५१ क्विंटलचे त्याच दराने ७१,४०० रुपये होतात; वाढ १९ टक्के.

भाव आपल्या हाती नाही, घट मात्र बरीचशी आहे. कांदा चांगला सुकवा, मान थोडी ठेवून पात कापा, जोड आणि डेंगळे कांदे वेगळे काढा, चाळीत हवा खेळती ठेवा. यंदा चाळ भरण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या पट्ट्यांवरून हे गणित घरी एकदा जरूर मांडून पाहा.