उजेड कुणाच्या तोंडावर मोजायचा?

(नांदेडला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो म्हणून तुम्ही मला इथं उभं केलंत, पण आज बोलणार आहे कृष्णधवल फोटोवर. त्यात एक शैली आहे. रंग काढा, गर्दी काढा, मोठी रिकामी जागा सोडा, मधी एकच वस्तू ठेवा. शहाणे लोक तिला मिनिमलिझम म्हणतात.

२०१६ साली लातूर कोरडं पडलं. मांजरा धरणाचा तळ उघडा. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. कॅमेरेवाल्यांची रीघ लागली. एकानं माझ्या मायचा फोटो काढला. पांढरं आभाळ, भेगाळलेली जमीन, मधी एक काळा ठिपका, डोक्यावर घागर. नाक नाही, डोळे नाहीत. फोटो देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण माय म्हणाली, "ह्यात मी कुठाय रं?"

असं का होतं ते मी नंतर शिकलो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधलं करडं धरून चालतो. आभाळ जास्त आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो सगळंच अंधारवतो. आपली सावळी तोंडं डांबर होतात. मग घरी बसून कॉन्ट्रास्ट वाढवला, की आभाळ पुन्हा पांढरं आणि माणूस पुरता काळा! उपाय साधा आहे. मीटर तोंडावर धरा, नाहीतर एक-दोन स्टॉप उजेड वाढवा. आभाळ जळेल. जळू द्या. मोबाइलवर तोंडावर बोट टेका, तो सूर्य वर सरकवा. रात्रपाळीला मी असेच काढतो, मुकादमाचा डोळा चुकवून.

सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत घाणीचा रंग जातो, म्हणून बघणारा नाक दाबून पळत नाही. त्याला तोंडाकडं बघावंच लागतं. तिथं रंग वजा आहे, माणूस नाही.

आणि रिकामी जागा आपल्याला काय नवी? गाव आणि आपली वस्ती यांच्यामधी ती आहेच. १९७८ साली नामांतराच्या रागातून ह्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. मराठवाडाभर वस्त्या जाळल्या. जळक्या घरात एक भिंत उरते. छप्पर नाही, भांडं नाही. तिथं वजाबाकी करायला फोटोग्राफर लागला नव्हता. अशी भिंत टिपाल तर ती कुणी जाळली तेही खाली लिहा.

जयंतीला गावी गेलो. मायला पांढऱ्या भिंतीपुढं बसवलं. एकटीच, बाकी काही नाही. तोंडावर बोट टेकलं, उजेड वाढवला. भिंत फटक झाली, कपाळावरचं गोंदण दिसलं. माय म्हणाली, "आता वळखू येतेय."

तो फोटो आणलाय. पुढच्या रांगेपासून मागं फिरवा.