अबू सिंबेल : वाचलेलं देऊळ, बुडालेलं गाव

आम्ही उभयता इजिप्तला जाऊन आलो, त्यातल्या एकाच दिवसाबद्दल बोलतो.

आस्वानहून पहाटे चारला बस निघाली. साडेतीन तास नुसतं वाळवंट. मग समोर नासर सरोवर आणि काठावर राजा दुसरा रामसेस याचे चार बसलेले पुतळे, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच, ३२०० वर्षांपूर्वीचे.

आमची नोकरी पाटबंधारे खात्यातली, त्यामुळे नजर दगडांतले सांधे शोधत होती. हे देऊळ मुळात या जागेवर नव्हतंच. आस्वानच्या धरणात ते बुडणार, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात कापून, सुमारे ६५ मीटर वर आणून पुन्हा जुळवलं. एका पुतळ्याचं धड जुन्या भूकंपात कोसळलेलं. तेही पूर्वीसारखंच पायाशी ठेवलंय! आम्ही मनोमन हात जोडले.

निघताना आमच्या नूबियन गाईडने पाण्याकडे बोट केलं. "आजोबांचं गाव तिथं खाली आहे."

आम्ही गप्प झालो. आपल्या नर्मदेवरच्या धरणात शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं, नवं गोऱ्याला उभं राहिलं. गावंही उठली. पुनर्वसनाच्या याद्या आम्हीही तपासल्यात. रकाने बरोबर भरले की काम झालं, असं वाटायचं. कुणाला त्याच्या गावाबद्दल आम्ही कधी विचारलं नाही.

धरणं हवीतच, मंडळी. पण आता यादीतलं नाव वाचताना आम्ही थोडं थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!